टेक्सासमध्ये घराची किंमत एकदम वाढवून आली? प्रोटेस्ट कसा करायचा, पहिल्यापासून

गुढीपाडव्याच्या शुभेच्छा ओसरत आल्या की आमच्या सबडिव्हिजनच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरे फोटो यायला लागतात, अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (टॅक्ससाठी घरांची किंमत ठरवणारं ऑफिस) नोटिशींचे. "अरे एका वर्षात एवढे?" "तुमचे किती आले?" "आमच्याकडे तर स्विमिंग पूल पण नाही!" मग कोणीतरी नवीन आलेलं विचारतं की आता काय करायचं असतं, आणि मी दरवर्षी तेच पुराण पुन्हा टाइप करते. या वेळी एकदाच नीट लिहून ठेवतेय.

मी वकील नाही, रिअल्टर नाही. २०२१ च्या मार्चमध्ये डॅलसच्या उत्तरेकडे नवीन घर घेतलं, २०२२ मध्ये पहिला प्रोटेस्ट, म्हणजे लावलेल्या किमतीवर हरकत, केला तो साफ फसला, २०२३ चा जमला, आणि त्यानंतर मैत्रिणींच्या डायनिंग टेबलावर बसून बरेच केले. हे सगळं टेक्सासपुरतं आहे. न्यू जर्सी, इलिनॉय वगैरेमध्ये तारखा, फॉर्म, बोर्ड सगळं वेगळं, तिकडच्यांनी यातलं फक्त पुरावे कसे जमवायचे तेवढं घ्या.

१. आधी नोटीस नीट वाचा

टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून आपण खूश होऊन इकडे येतो आणि मग कळतं की शाळा, काउंटी, शहर, कम्युनिटी कॉलेज असे सगळे घराच्या किमतीवर टॅक्स लावतात, त्यात शाळेचा वाटा सगळ्यात मोठा. शहराच्या कडेला नव्या वस्तीत असाल तर वर एमयूडी किंवा पीआयडी, म्हणजे वस्तीच्या पाणी-रस्ते वगैरे सोयींसाठीचा आकार, असतो तो वेगळाच. सगळं मिळून दोन-अडीच टक्के सहज होतात. नाशिकला माझे बाबा घरपट्टी आगाऊ भरून सूट मिळवतात आणि आठवडाभर खुशीत असतात, त्यांना मी आमचा आकडा रुपयांत अजून सांगितलेला नाही.

नोटिशीवर तीन प्रकारचे आकडे असतात आणि नवीन माणसाचा पहिला घोळ इथेच होतो. मार्केट व्हॅल्यू म्हणजे १ जानेवारीला हे घर बाजारात कितीला गेलं असतं याचा डिस्ट्रिक्टचा अंदाज. अप्रेझ्ड व्हॅल्यू, काही ठिकाणी असेस्ड लिहितात, म्हणजे कॅप (वर्षाला किती वाढवता येतं त्याची मर्यादा) लागू असेल तर ती लावून आलेला आकडा. आणि टॅक्सेबल म्हणजे त्यातून सवलती वजा करून उरतो तो, टॅक्स याच्यावर.

१ जानेवारी ही तारीख डोक्यात पक्की करा. नोटीस एप्रिलमध्ये येते, हिअरिंग जून-जुलैमध्ये होतं, पण चर्चा सगळी १ जानेवारीच्या किमतीची. एप्रिलमध्ये गारांनी छप्पर फोडलं तर ते या वर्षीच्या प्रोटेस्टमध्ये कामाचं नाही.

आणि अप्रेझल डिस्ट्रिक्ट फक्त किंमत ठरवतं, टॅक्सचा दर नाही. दर शाळा बोर्ड, शहर, काउंटी हे लोक ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास ठरवतात. त्यामुळे "एवढा टॅक्स आम्ही कुठून भरायचा" हे वाक्य अप्रेझल डिस्ट्रिक्टमध्ये कितीही पोटतिडकीने म्हटलं तरी समोरचा माणूस मान डोलावतो आणि काहीच होत नाही. माझी २०२२ ची चूक हीच. ४,३०,००० ला घेतलेल्या घराची किंमत ५,९०,००० आली होती. मी तिथे जाऊन टक्केवारी सांगत बसले की किती वाढवलीत, हा अन्याय आहे, आणि सोबत एका वेबसाइटवरचा घराच्या अंदाजे किमतीचा स्क्रीनशॉट. दहा हजार कमी करून मला घरी पाठवलं. त्या वर्षी ऑस्टिनकडे ट्रॅव्हिस काउंटीत तर घरांच्या मार्केट व्हॅल्यू निम्म्यानेही जास्त वाढल्या होत्या, म्हणजे माझ्या टक्केवारीचं कोणाला काय कौतुक असणार. किंमत किती वाढली हे त्यांना माहीतच असतं, त्यांनीच वाढवलेली असते. तुम्ही सांगायचं असतं ते हे की ती किती असायला हवी, आणि कशावरून.

२. होमस्टेड एक्झेम्प्शन घेतलंय का ते आजच बघा

हे प्रोटेस्टच्या आधी. तुम्ही स्वतः राहता त्या घरावर होमस्टेड एक्झेम्प्शन मिळतं, शाळेच्या टॅक्ससाठी घराच्या किमतीतून थेट १,४०,००० डॉलर वजा होतात (आधी ४०,००० होते, २०२३ मध्ये १,००,००० झाले, २०२५ च्या मतदानानंतर १,४०,०००). काउंटी आणि शहर यावर स्वतःची आणखी सवलत देऊ शकतात. हे आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. फॉर्म ५०-११४, आणि तुमच्या टेक्सास ड्रायव्हिंग लायसन्सवर याच घराचा पत्ता हवा. आपली मंडळी घर घेतात, पडदे लावतात, गृहप्रवेशाची सत्यनारायणाची पूजा होते, दोनशे लोक जेवून जातात, आणि लायसन्सवर अजून जुन्या अपार्टमेंटचा पत्ता असतो.

व्हिसाबद्दल नेहमी विचारतात. आम्ही एच-वन-बीवर असतानाच आम्हाला मिळालं होतं, नागरिकत्व लागत नाही.

राहून गेलं असेल तरी घाबरू नका, टॅक्स थकीत होण्याच्या तारखेपासून दोन वर्षांपर्यंत उशिरा अर्ज करता येतो आणि मागचे पैसेही परत मिळतात. २०२२ पासून नियम बदललाय, वर्षाच्या मध्ये घर घेतलं तरी त्याच वर्षासाठी अर्ज करता येतो, १ जानेवारीची वाट बघावी लागत नाही (आधीच्या मालकाने त्या वर्षी तीच सवलत घेतलेली असेल तर मात्र पुढच्या वर्षापासून).

सापळा: घर घेतल्यावर महिन्याभरात सरकारी दिसणारी पत्रं येतात, "तुमचं होमस्टेड आम्ही फाइल करून देतो, इतके डॉलर पाठवा". कचऱ्यात टाका. अर्ज फुकट आहे आणि दहा मिनिटांचं काम आहे. पण डिस्ट्रिक्टकडूनच "तुम्ही अजून इथेच राहता का" असं विचारणारं पत्र आलं तर ते खरं असतं, पाच वर्षांतून निदान एकदा त्यांना तपासावं लागतं, त्याला उत्तर द्या नाहीतर सवलत काढून टाकतात. दोन्ही पत्रं दिसायला सारखीच, म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटशी जुळवून बघायचा.

आई-बाबा सहा महिने येऊन राहतात म्हणून ६५ वर्षांवरची सवलत मिळत नाही, हेही विचारतात. त्यासाठी ते स्वतः घराचे मालक असावे लागतात आणि ते त्यांचं मुख्य घर असावं लागतं.

३. कॅपचं गणित: प्रोटेस्ट करून तुम्हाला फायदा आहे का

होमस्टेड असेल तर अप्रेझ्ड व्हॅल्यू वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढू शकत नाही (नवीन खोली, पूल असं काही बांधलं तर त्याची किंमत वेगळी जोडतात). ऐकायला छान, पण यात दोन खाचा आहेत.

पहिली, कॅप होमस्टेड मिळालेल्या पहिल्या वर्षी लागत नाही, पुढच्या वर्षीपासून लागते. म्हणजे घर घेतल्यानंतरच्या एखाद्या वर्षात तुम्ही पूर्ण उघड्यावर असता. आमचं २०२२ नेमकं तेच होतं. नवीन लोकांनी प्रोटेस्ट करायचाच असं मी म्हणते ते यासाठी, कारण त्या वर्षी जो आकडा ठरतो तोच पुढच्या सगळ्या दहा-दहा टक्क्यांचा पाया होतो.

दुसरी, कॅपमुळे तुमची अप्रेझ्ड व्हॅल्यू मार्केटपेक्षा बरीच खाली असेल तर प्रोटेस्टमध्ये मार्केट थोडी कमी करून काहीच हातात पडत नाही. समजा मागच्या वर्षी अप्रेझ्ड ४,५०,००० होती, या वर्षी मार्केट ६,२०,००० लावली. कॅपमुळे अप्रेझ्ड ४,९५,०००. तुम्ही दोन शनिवार घालवून मार्केट ५,८०,००० वर आणली, टाळ्या, आणि टॅक्स तेवढाच, कारण ४,९५,००० च्या खाली गेल्याशिवाय एक डॉलरही वाचत नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी असा विजय मिळवून पेढे वाटले होते, आम्ही कोणी त्यांना सांगितलं नाही.

ज्यांनी पहिलं घर भाड्याने देऊन दुसरं घेतलंय त्यांच्यासाठी: भाड्याच्या घराला होमस्टेड नाही, १० टक्क्यांची कॅप नाही. त्याला २०२४ ते २०२६ या वर्षांसाठी २० टक्क्यांची मर्यादा आहे, साधारण ५० लाख डॉलरपर्यंतच्या प्रॉपर्टीला. भाड्याच्या घराचा प्रोटेस्ट म्हणूनच जास्त महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच विसरतात.

अजून घर घेतलं नसेल तर हे वाचा: लिस्टिंगमध्ये दिसतो तो टॅक्स आताच्या मालकाचा असतो. तो पंधरा वर्षं तिथे राहत असेल, ६५ च्या वर असेल, त्याची कॅप आणि सवलती त्याच्याबरोबर जातात आणि पुढच्या वर्षी तुमचं घर पूर्ण मार्केटवर येतं. नवीन बांधकामात याहून वाईट. १ जानेवारीला घर अर्धवट असेल किंवा नुसती जमीन असेल तर पहिल्या वर्षीचं बिल चिमुकलं येतं, लोन कंपनी त्यावरच एस्क्रो (टॅक्ससाठी हप्त्यातून दर महिन्याला बाजूला काढलेले पैसे) बांधते, आणि वर्षभराने पूर्ण घराचं बिल येतं तेव्हा मागची तूट अधिक पुढची वाढ असं दोन्ही एकदम महिन्याच्या हप्त्यात घुसतं. आमचा हप्ता एका पत्राने आठशे डॉलरहून जास्तने वाढला, मला वाटलं फ्रॉड आहे, मी फोन करून भांडले पण. बिल्डरच्या ऑफिसात कोणी हे सांगितलं नव्हतं. म्हणून घर घेताना ठरलेल्या किमतीला वस्तीच्या एकूण दराने स्वतः गुणा, आणि बजेट त्या आकड्यावर करा.

४. तारीख चुकवू नका

१५ मे, किंवा नोटीस पाठवल्याच्या तारखेपासून ३० दिवस, यातलं जे नंतर असेल ते. नोटिशीवर तुमची शेवटची तारीख छापलेली असते. लक्षात घ्या, पाठवल्यापासून, तुम्ही पाकीट उघडल्यापासून नाही. इकडे मेलबॉक्स वस्तीच्या कोपऱ्यावर असतो आणि आपण तो आठवड्यातून एकदा उघडतो, त्यामुळे एप्रिलपासून डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर पत्ता टाकून स्वतःच बघत राहा. अर्ज करताना पुरावे तयार असायची गरज नाही. आज अर्ज करा, पुरावे नंतर जमवा.

५. अर्ज: दोन्ही खुणा करा

बहुतेक काउंटीत ऑनलाइन होतं, नोटिशीवर त्यासाठी पिन किंवा आयडी दिलेला असतो. नाहीतर फॉर्म ५०-१३२ भरून पोस्टाने किंवा हातात नेऊन द्या, पोहोच घ्या.

कारणं विचारतात तिथे दोन महत्त्वाची आहेत. एक, मार्केट व्हॅल्यू चुकीची आहे. दोन, माझ्या घराची किंमत आसपासच्या तशाच घरांच्या तुलनेत असमान लावली आहे. दोन्हींवर खूण करा, प्रत्येक वेळी. पहिल्यावरच केली तर हिअरिंगला शेजाऱ्यांच्या किमती काढता येत नाहीत, आणि बऱ्याचदा तोच मुद्दा जास्त भक्कम असतो. "तुमच्या मते किंमत किती" हा रकाना माहिती नसेल तर घाईने भरू नका, जिथे रिकामा सोडता येतो तिथे सोडा.

अर्जाबरोबरच डिस्ट्रिक्टचा पुरावा मागून ठेवा. तुमच्या घराची किंमत कोणत्या घरांवरून लावली त्याची माहिती मागितलीत तर ती हिअरिंगच्या निदान १४ दिवस आधी मिळायचा तुम्हाला हक्क आहे, आणि तुम्ही मागूनही वेळेत दिलं नाही तर ते हिअरिंगला वापरता येत नाही. मात्र मागितलंच नाही तर ते तिथे काहीही काढून दाखवू शकतात. बरेच जण हे मागतच नाहीत.

६. पुरावा

खरं काम हे. दोन शनिवार सकाळ पुरतात.

पहिलं, वेबसाइटवर तुमच्या घराचं रेकॉर्ड उघडा आणि चूक शोधा. स्क्वेअर फूट, बाथरूम किती, गॅरेज किती गाड्यांचं, पूल आहे का, बांधकामाचं वर्ष. माझ्या एका मैत्रिणीच्या घराला वरच्या मजल्यावरचा उघडा भाग, जिथे खाली हॉल दिसतो तो, चक्क खोली म्हणून मोजला होता. बिल्डरचा फ्लोअर प्लॅन दाखवला आणि पंधरा मिनिटांत प्रश्न मिटला. असली चूक सापडली तर लॉटरी.

दुसरं, विक्रीचे सौदे, म्हणजे कॉम्प्स. टेक्सासमध्ये घर कितीला विकलं हे सरकारला सांगणं सक्तीचं नाही, त्यामुळे खरे आकडे वेबसाइटवर मिळत नाहीत, रिअल्टरकडे मिळतात. तुमच्या रिअल्टरला मेसेज करा की आमच्या सबडिव्हिजनमध्ये मागच्या जुलैपासून विकलेल्या घरांची यादी पाठव. बहुतेक जण फुकट पाठवतात, ज्याने तुमच्या घरावर कमिशन घेतलंय त्याने एवढं करायला हरकत नाही. शक्य तितके सौदे १ जानेवारीच्या जवळचे घ्या. २०२३ मध्ये माझं काम यानेच झालं. डिस्ट्रिक्टने मे २०२२ च्या आसपासचे सौदे घेतले होते, जेव्हा लोक मागितलेल्या किमतीच्या वर पन्नास-पन्नास हजार देत होते. पण २०२२ च्या सुरुवातीला तीन टक्क्यांच्या आसपास असलेला लोनचा दर ऑक्टोबरच्या शेवटी सातच्या वर गेला, आणि आमच्याकडे घरं खोळंबून राहिली, किमती उतरल्या. मी ऑक्टोबर ते डिसेंबरचे चार सौदे घेतले, आमच्याच फ्लोअर प्लॅनचे दोन, आणि ठेवले समोर.

तुम्ही घर नुकतंच घेतलं असेल आणि त्यांनी लावलेली किंमत तुम्ही दिलेल्या किमतीपेक्षा जास्त असेल तर क्लोजिंग स्टेटमेंट (खरेदी पूर्ण होताना मिळतो तो हिशोबाचा कागद) हाच सगळ्यात मोठा पुरावा. उलट असेल, म्हणजे तुम्ही जास्त दिले आणि त्यांनी कमी लावली, तर गप्प बसा. घर घेतल्यावर डिस्ट्रिक्टकडून "कितीला घेतलं" असा कागद येतो, तो भरणं सक्तीचं नाही. आपण शाळेपासून रकाना दिसला की भरणारे लोक, म्हणून मुद्दाम सांगतेय.

तिसरं, असमानता. याला विक्रीचे आकडे लागतच नाहीत, डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवरूनच सगळं निघतं. तुमच्या सबडिव्हिजनमधली तुमच्यासारखी आठ-दहा घरं घ्या, जवळपास तेवढेच स्क्वेअर फूट, त्याच सुमाराचं बांधकाम, पूल नसेल तर सगळी बिनपुलाची. प्रत्येकाची मार्केट व्हॅल्यू लिहा, फरक असेल तिथे थोडं वर-खाली करा (पूल, जादा बाथरूम, मोठा प्लॉट), आणि सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. कायद्यात हीच पद्धत आहे, मीडियन. तुमचा आकडा त्याच्या वर असेल तर तो मधल्यावर आणा अशी मागणी करायची.

इथे सगळेजण एक चूक करतात: शेजाऱ्याचा कॅप लागलेला आकडा उचलतात. "बघा, समोरच्याची ४,६०,००० आणि माझी ६,३५,०००!" समोरचा २०१५ पासून राहतोय, त्याची कॅप आहे. मार्केटची तुलना मार्केटशीच. आणि फक्त स्वस्तातली तीन घरं वेचून नेऊ नका, समोरचा अप्रेझर नकाशा उघडून तुमच्या शेजारचंच महाग घर दाखवतो आणि मग तुमच्या बाकीच्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. मी नऊ घरं घेतली होती, त्यात एक माझ्या आकड्यापेक्षा महाग होतं, मुद्दाम ठेवलं. तसंच लहान घराचा दर स्क्वेअर फुटामागे जास्त असतो आणि मोठ्याचा कमी, त्यामुळे आकाराने फार वेगळी घरं घेऊन दराने तुलना केली तर गणित उलटं फिरतं.

चौथं, घराची अवस्था. उत्तर टेक्सासची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते, आणि फाउंडेशन हलतं. विदर्भातल्या कपाशीच्या काळ्या मातीला भेगा पडतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको, इथे त्याच स्वभावाच्या मातीवर आपली घरं उभी आहेत. भिंतीत दरवाज्याच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असेल, दार नीट लागत नसेल तर फाउंडेशनवाल्याला बोलावून लेखी एस्टिमेट घ्या, बरेच जण फुकट देतात. फोटो काढा, तारखेसकट. "किचन जुनं झालंय" याला कोणी विचारत नाही, "दुरुस्तीचं १८,००० चं एस्टिमेट हे घ्या" याला विचारतात. मागे हायवे, टोलवेचा आवाज, विजेचे मोठे टॉवर असतील तर तेही, पण तुमच्या तुलनेतली बाकीची घरंही त्याच आवाजात असतील तर उपयोग नाही.

फाइलमध्ये एवढं असू दे:
– नोटीस आणि प्रोटेस्ट केल्याची पोहोच
– एकपानी सार: तुमचा आकडा, आणि तो का, तीन-चार ओळींत
– कॉम्प्सचा तक्ता, सोबत नकाशावर ठिपके
– असमानतेचा तक्ता, मीडियनला गोल केलेला
– फोटो आणि एस्टिमेट
– लागू असेल तर क्लोजिंग स्टेटमेंट
– डिस्ट्रिक्टने पाठवलेला पुरावा, त्यातल्या चुका खुणा केलेल्या

७. ऑनलाइन ऑफर किंवा अप्रेझरशी बोलणं

हिअरिंगच्या आधी बहुतेक ठिकाणी अनौपचारिक टप्पा असतो. कुठे वेबसाइटवर आपोआप ऑफर येते, कुठे अप्रेझरचा फोन, कुठे प्रत्यक्ष भेट. बरीच प्रकरणं इथेच मिटतात आणि मिटवायला हरकत नाही, पण ऑफर स्वीकारली की त्या वर्षाचा विषय संपला, नंतर "अजून थोडं" नाही. म्हणून फाइल तयार व्हायच्या आधी बटण दाबू नका. आम्हाला २०२३ मध्ये पहिली ऑफर ६,३५,००० वरून ६,१८,००० ची आली होती, नवरा म्हणाला घेऊन टाक, सुट्टी वाया जाईल. मी नाही घेतली.

८. पॅनलसमोर

याला अप्रेझल रिव्ह्यू बोर्ड म्हणतात, एआरबी. साधारण तीन जणांचं पॅनल असतं, काउंटीतलेच नागरिक, अप्रेझल डिस्ट्रिक्टचे नोकर नाहीत, बरेचसे रिटायर्ड. एकूण पंधरा मिनिटं, त्यात तुमची पाच-सात. कोर्टासारखं भारी काही नसतं, फक्त खरं बोलण्याची शपथ देतात.

सुरुवात आकड्याने करा. "माझ्या मते १ जानेवारीला या घराची किंमत ५,६८,००० होती, आणि त्याची दोन कारणं आहेत." मग तक्ते. इंग्रजीची धास्ती बाळगू नका, कागद बोलतो. प्रती किती लागतात, कागदावर की पेन ड्राइव्हवर, ते हिअरिंगच्या पत्रात दिलेलं असतं, ते आधी बघा. नंतर डिस्ट्रिक्टचा माणूस त्याची घरं दाखवतो, तेव्हा मध्ये बोलू नका, लिहून ठेवा. "तुमचं दुसरं घर मे महिन्यात विकलंय, आणि त्याला पूल आहे" एवढंच मी शांतपणे म्हटलं होतं. किंमत बरोबर आहे हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांची असते. आणि "प्रोटेस्ट केला तर चिडून आणखी वाढवतील" ही भीती सोडा, तुम्ही केलेल्या प्रोटेस्टमध्ये पॅनल त्यांच्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही.

निकाल तिथल्या तिथे सांगतात. आमचा ५,७२,००० झाला. नोटिशीपेक्षा ६३,००० कमी, आमच्या दराने वर्षाचे जवळजवळ चौदाशे डॉलर.

आता आपला खास प्रश्न, जून-जुलैमध्ये तिकीट काढलेलं असतं आणि हिअरिंग नेमकं तेव्हाच येतं. न सांगता गैरहजर राहिलात तर त्या वर्षाचा प्रोटेस्ट बुडतो आणि पुढे अपीलही करता येत नाही. स्वतः प्रोटेस्ट करणाऱ्याला हिअरिंगच्या आधी मागितलं तर एकदा कारण न देता तारीख बदलून मिळते. किंवा फोनवर, व्हिडिओवर हिअरिंग मागा, त्यासाठी निदान १० दिवस आधी लेखी कळवावं लागतं आणि पुरावे शपथपत्रासोबत आधी पाठवावे लागतात. शपथपत्राचा फॉर्म ५०-२८३, आणि तो निघायच्या आधी इथेच उरकून घ्या, पुण्यात बसून हे काम करायला जाल तर सुट्टी त्यातच जाईल. मागच्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीने कोथरूडमधून फोनवर हिअरिंग केलं, इथले सकाळचे दहा म्हणजे तिकडे रात्रीचे साडेआठ, मागे कुकरच्या शिट्ट्या. तरी कमी झाले.

९. कंपनीला द्यावं का

बरेच जण देतात. कमी झालं तरच फी, बचतीतला ठराविक हिस्सा. ज्यांना खरंच वेळ नाही किंवा भाड्याची तीन-चार घरं आहेत त्यांनी द्यावं. फक्त सही करण्याआधी "बचत" म्हणजे काय लिहिलंय ते वाचा. मार्केट व्हॅल्यू कमी झाली याला बचत धरत असतील तर वरच्या पेढेवाल्या काकांसारखं होईल, टॅक्स तेवढाच आणि वर फीचं बिल. दुसरं, काही करार दरवर्षी आपोआप चालू राहतात, बंद कसा करायचा तेही विचारून घ्या. माझं मत, पहिल्या वर्षी स्वतः करा. एकदा स्वतः केलं की कोण काम करतंय आणि कोण नुसता फॉर्म टाकतंय ते कळतं.

१०. निकालानंतर

लेखी आदेश येतो. पटला नाही तर तो मिळाल्यापासून ६० दिवसांत बाइंडिंग आर्बिट्रेशन (लवादाचा बंधनकारक निकाल) मागता येतं, होमस्टेडसाठी डिपॉझिट ५ लाखांपर्यंतच्या घराला ४५० डॉलर, त्यावर ५००. आर्बिट्रेटरचा निकाल तुमच्या आकड्याच्या जवळ गेला तर ५० कापून बाकी परत, नाहीतर गेले. कोर्टाचाही मार्ग आहे पण साध्या घरासाठी वकिलाचा खर्च परवडत नाही. दोन्हीकडे टॅक्स वेळेत भरायचा असतो, भांडण चालू आहे म्हणून थांबवायचा नाही.

जिंकलात तर आदेशाचा कागद जपून ठेवा. पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा किंमत वाढवायची असेल तर नेहमीपेक्षा भक्कम पुरावा लागतो, आणि तुम्ही हा कागद दाखवला नाही तर कोणी स्वतःहून आठवण काढत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टॅक्सचं बिल येतं, त्यावर नवा आकडा आणि होमस्टेड दोन्ही आहेत ना ते बघा. भरायची शेवटची तारीख ३१ जानेवारी, १ फेब्रुवारीला ६ टक्के दंड आणि १ टक्का व्याज चढतं. एस्क्रो असेल तर लोन कंपनी भरते, तरी काउंटीच्या वेबसाइटवर भरल्याचं दिसतंय का ते जानेवारीत एकदा तपासा, लोन एका कंपनीकडून दुसरीकडे विकलं गेलं असेल त्या वर्षी तर नक्कीच. आणि हप्ता आपोआप कमी होईल म्हणून वाट बघत बसू नका, लोन कंपनीला फोन करून नव्या बिलावर एस्क्रो अ‍ॅनालिसिस पुन्हा करा म्हणून सांगा. आमच्याकडे दोनदा फोन करावा लागला, तिसऱ्या महिन्यात हप्ता उतरला आणि जास्तीच्या पैशांचा चेक पोस्टाने आला, तोही मी आधी जाहिरातीचं पाकीट समजून फाडणार होते.